सुट्टीला आलेल्या मुलांसाठी पिंपळपान, माडाची पात आणि अळीव

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो. ईस्टरच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन पार्ल्याला आईबाबांकडे येतेय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. शाळेनं सांगितलंय, वसंतात सापडणाऱ्या नैसर्गिक वस्तूंपासून काहीतरी करून आणा. मुंबईत वसंत असतो तरी का? इथूनच एखादा हस्तकलेचा तयार संच घेऊन यावा असं वाटतंय. आईचे गुडघे दुखतात, बाबांना ऊन सोसत नाही, त्यांच्यावर भार पडायला नको. परतताना या वस्तू विमानातून नेता येतील का, तेही सांगा.

उत्तर: संच आणू नका. त्यातली लाकडी फुलं आणि चकाकणारी पावडर पार्ल्याच्या घरात पुढच्या दिवाळीपर्यंत फरशीच्या सांध्यांतून निघत राहील, आणि झाडून काढायला बसेल ती आजीच.

मुंबईत वसंत असतो, फक्त तुमच्या मुलांना तो शिशिरासारखा दिसेल. मार्च-एप्रिलमध्ये इथे पानांचा खच पडतो. पिंपळ जुनी पानं टाकतो आणि त्याच आठवड्यांत तांबूस, तुकतुकीत पालवी फुटते. काटेसावरीवर पान नसतं, नुसती लाल फुलं. गुलमोहर अजून फुललेला नसतो, पण गेल्या वर्षीच्या लांबलचक काळ्या शेंगा लोंबत असतात. रीडिंगमध्ये पानगळ आणि पालवी यांच्यात अख्खा हिवाळा असतो, इथे दोन्ही एकाच फांदीवर दिसतात. हे मुलांना आधी सांगू नका. त्यांचं त्यांना दिसू द्या, मुलगी तर नक्की विचारेल.

वेळ सकाळी सातची, फार तर साडेआठपर्यंत. त्यानंतर पारा ३३-३४ अंशांकडे जातो आणि वरून दमट हवा. विमानप्रवासानंतर पहिले तीन-चार दिवस मुलं रात्री उशिरापर्यंत जागतात आणि सकाळी उठता उठत नाहीत, ते दिवस जाऊ द्या आणि मग त्यांना घेऊन खाली उतरा. आजोबा सोसायटीच्या बाकावर सावलीत बसले तरी चालेल. बाकी सगळं काम घरात, पंख्याखाली.

गोळा करताना एकच नियम ठेवा: खाली पडलेलं उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर पडलेलंही उचलायचं नाही, ते जंगल आहे. तिथला पळस पाहून यायचा. महापालिकेच्या बागेत माळी झाडत असेल तर त्याला विचारून त्याच्या ढिगातून घ्या, बहुतेक जण हसून देतात. दादर-माटुंग्याच्या जुन्या रस्त्यांवर महोगनी आहे. तिची लाकडासारखी टणक फळं या सुमारास उकलतात आणि आतल्या पंखवाल्या बिया गरगरत खाली येतात. इंग्लंडमध्ये मेपलच्या बिया सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशाच भिरभिरताना मुलांनी पाहिल्या असतील. गच्चीवरून एक सोडून बघा. गुलमोहराच्या शेंगेचं काय करायचं ते पाच वर्षांच्या मुलाला शिकवावं लागत नाही. आधी तलवार, मग खुळखुळा. हवं तर वर चुन्याचे ठिपके काढू द्या.

आता मुख्य काम, म्हणजे पिंपळाचं जाळीदार पान. यासाठी आजच बाबांना फोन करा, कारण तुम्ही आल्यावर सुरुवात केली तर दोन आठवड्यांत होईलच असं नाही. त्यांनी दहा-बारा पानं उचलायची: पडलेली, पण पिवळी किंवा हिरवट, वाळून कुरकुरीत झालेली नकोत. किड्यानं खाल्लेलं नको, आणि शेवटचं लांब टोक शाबूत हवं, तेच आधी मोडतं. जुन्या बादलीत पाणी घेऊन पानं बुडवायची, वर बशी ठेवायची म्हणजे तरंगत नाहीत, आणि बादलीवर घट्ट झाकण. झाकण महत्त्वाचं, उघड्या पाण्यात डास होतात. चार दिवसांनी पाणी बदलायचं. दुसऱ्या आठवड्यात वास येईल. बराच येईल. आजी बादली बाल्कनीच्या टोकाला हलवायला लावेल, लावू द्या. तीन आठवड्यांच्या आसपास पान बुळबुळीत झालं, बोटानं चोळल्यावर गर सुटायला लागला, की तयार.

पुढचं मुलीच्या हातचं. ताटात बोटभर पाणी घ्यायचं आणि पान त्यातच ठेवायचं, बाहेर काढून घासलं तर फाटतं. जुना मऊ टूथब्रश मधल्या शिरेपासून कडेकडे हलक्या हातानं आपटत न्यायचा. ओढायचा नाही. गर सायीसारखा सुटतो आणि खाली शिरांची जाळी दिसायला लागते, आधी मोठ्या शिरा, मग त्यांच्यामधल्या केसाएवढ्या. एक पान व्हायला वीस मिनिटं लागतात. पहिली दोन-तीन फाटणार, म्हणून तर दहा-बारा. झालेलं पान वर्तमानपत्राच्या दोन कागदांत ठेवून दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली दाबायचं. दुसऱ्या दिवशी ते उजेडापुढे धरलं की मुलगी बाकीची स्वतःहून करायला घेईल. आजोबा विसरलेच, तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पानं तासभर मंद उकळूनही गर सुटतो, पण ते काम मोठ्यांचं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात. मला बादलीची पद्धत जास्त आवडते, जाळी शाबूत राहते. रीडिंगला परतल्यावर मॅग्नोलियाचं जाड पान घेऊन हेच करता येतं, फक्त त्याला वेळ जास्त लागतो.

पाच वर्षांच्या मुलाला इतका धीर नसतो, त्याच्यासाठी माड. पावसाळ्याच्या आधी सोसायट्यांमध्ये नारळ पाडायला माणूस येतो, तेव्हा हिरव्या झावळ्याही खाली येतात. वॉचमनला सांगून ठेवलं की दोन झावळ्या बाजूला ठेवतो. पातीमधला हीर नखानं सोलून काढायचा, तो फेकायचा नाही. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या मधोमध दुमडायच्या, एकीची घडी दुसरीत काटकोनात अडकवायची आणि टोकं घडीतून ओढून घट्ट करायची. मध्ये चौकोनी गाठ येते, बाजूंना पाती. गाठीतून हीर सैलसर आरपार घातला की भिंगरी. ती घेऊन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं असतं, हेही मुलाला सांगावं लागत नाही. पिपाणीसाठी पात तिरकी गुंडाळत शंकू करायचा, सुटू नये म्हणून बाहेरून हीर टोचायचा आणि निमुळतं टोक चपटं करायचं. बहुतेक आजोबांच्या हाताला हे येतं. आठवत नाही म्हणतात, पण पात हातात दिली की बोटं आपोआप वळतात. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही यात खुर्चीवरून उठावं लागत नाही. भाराची काळजी तुम्ही जितकी करताय तितकी करायचं कारण नाही. नातवंडं टीव्हीसमोर बसली की आजी-आजोबांना जास्त शीण येतो, असं माझं मत आहे.

२०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे गुढी तुमची चुकेल, पण चैत्रगौरीचे दिवस बरोबर सापडतील. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. पार्ल्यात एखादं आमंत्रण नक्की येईल, आणि आजीनं घरीच केलं तर आरास मुलांकडे द्या. कलिंगडाची कमळं मोठ्यांनी कापावीत. चैत्रांगणाच्या रेषा आजी पाटावर काढेल, जमिनीवर वाकायला नको. त्यात पडलेल्या फुलांच्या पाकळ्या भरायचं काम मुलांचं.

आणि याच आराशीसाठी अळीव पेरा. करवंटी घ्या, शेंडीकडची, जिच्यावर नारळाचे तीन डोळे आहेत. ती आडवी धरली की चेहरा आपोआप दिसतो, मुलगा त्याला मिशा काढेल. आत कापूस, त्यावर चमचाभर अळीव पसरायचे. भिजल्यावर ते चिकट होतात, म्हणून आधी पसरायचे आणि मग हलकं पाणी. दोन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत बोटाच्या पेरापेक्षा उंच हिरवे केस. कापूस सुकू द्यायचा नाही, पण पाणी साचूही द्यायचं नाही, मुंबईच्या हवेत लगेच बुरशी धरते. केस कापायला कात्री मुलाच्या हातात द्या. कापलेला पाला कोशिंबिरीत टाकता येतो, चवीला जरा तिखट लागतो. गंमत अशी की इंग्लंडमधली मुलं ईस्टरच्या सुमारास अंड्याच्या टरफलात नेमकं हेच उगवतात, तिकडे त्याला क्रेस म्हणतात. आपल्या आजीच्या डब्यातले अळीव आणि ते बी एकाच झाडाचं. शाळेत दाखवायला याहून सोपं काही नाही: बी तिकडच्या दुकानात मिळतं, आणि करवंटीही तिकडेच नारळ फोडून करता येते.

रंगांबद्दल थोडक्यात. एप्रिलपर्यंत पळस ओसरायला लागलेला असतो, पण काष्ठौषधींच्या दुकानात त्याची वाळलेली फुलं मिळतात. मूठभर फुलं रात्रभर भिजवून सकाळी उकळली की पिवळा-नारिंगी रंग उतरतो. सुती रुमाल आधी तुरटीच्या पाण्यातून काढायचा, मग रंगात बुडवून ठेवायचा. हळदीचीही मजा आहे: हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं चित्र काढलं तर लाल उमटतं, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. ऊन लागलं की हळद उडते, हेही मुलीला सांगून ठेवा. रीडिंगला रुमाल रंगवायचं काम कांद्याची सालं छान करतात.

जपायच्या गोष्टी मोजक्या, पण त्यात ढिलाई नको. सोसायटीच्या कुंपणाला बहुधा कण्हेर असते. लाल-गुलाबी असो की पिवळी बिट्टी, दोन्ही पूर्ण विषारी. लहानपणी आपण बिट्ट्यांनी खेळलो म्हणून मुलांना देऊ नका. लाल-काळ्या गुंजा माळेत ओवायला सुंदर दिसतात, त्या अजिबात नकोत. बी चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कैरीच्या देठाचा चीक अंगावर उततो. अमेरिकेतल्या वाचकांना पॉयझन आयव्ही माहीत असते, आंबा तिच्याच कुळातला. म्हणून तोरणासाठी आंब्याची पानं मोठ्यांनी देठ धुऊनच मुलांच्या हातात द्यावीत. आणि तुमच्याकडे परतल्यावर: डॅफोडिलचा कांदा आणि चीक दोन्ही नकोत. मे महिन्यात इंग्लंडमधल्या बागांत पिवळे घोस लोंबताना दिसले आणि बहावा म्हणून मन भरून आलं, तरी मुलांना त्याच्या शेंगा गोळा करू देऊ नका. तो लॅबर्नम, त्याच्या बिया विषारी असतात.

आता विमानाचं. ताजी पानं, बिया, शेंगा, माडाची भिंगरी, यातलं काहीही बॅगेत टाकू नका. ब्रिटनमध्ये ताजी पानं आणि पेरण्याजोग्या बिया न्यायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते मुलांच्या खेळण्यासाठी कुणी काढत नाही. अमेरिकेत शेतमालाच्या रकान्यात सगळं लिहून द्यावं लागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यांत कडक, तिथे शिंपले आणि लाकडी वस्तूसुद्धा दाखवाव्या लागतात. न्यूझीलंडला न सांगता काही नेलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मोरपीस तर भारतातून बाहेर न्यायलाच बंदी आहे, मग ते रस्त्यात पडलेलं का असेना. बॅगेत जाईल तो रंगवलेला रुमाल, आणि ठसे: पानाची पाठ वर करून त्यावर पातळ कागद ठेवायचा, खडू आडवा धरून घासायचा, शिरा उमटतात. पिंपळ, आंबा, वड, फणस, चार पानांचे चार ठसे शाळेच्या वहीत चिकटवले की गृहपाठ झाला. जाळीची पानं आजीच्या देव्हाऱ्याजवळ राहू द्या, फोटो घेऊन जा.

याच विषयावर मेलबर्नच्या एका वाचकानं विचारलं होतं, त्यांनाही इथेच सांगते. तुमच्याकडे पाडव्याला शरद ऋतू असतो आणि वसंत सप्टेंबरमध्ये. म्हणून पाडव्याला लालपिवळ्या पानांचे ठसे करा, ते बिनदिक्कत मुंबईच्या आजीला पाकिटातून पाठवता येतात. अळीव मात्र गौरी-गणपतीच्या आराशीला पेरा, तेव्हा तुमच्याकडे पालवी फुटलेली असेल. न्यूझीलंडच्या मंडळींना माडाच्या पातीऐवजी हाराकेके, म्हणजे तिथलं फ्लॅक्स, वापरता येईल. फक्त माओरी रीत अशी की झुपक्याच्या मधला कोवळा कोंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पानं कापायची नाहीत. तो कोंब बाळ आणि शेजारची पानं त्याचे आईबाप, असं ते मानतात. कडेची जुनी पानं घ्या, आणि झुडूप दुसऱ्याच्या दारातलं असेल तर आधी विचारा.