काकडीला फुलं भरपूर, फळ मात्र धरत नाही

ताई, लातूरला अंगणात फेब्रुवारीच्या सुरुवातीला लावलेलं काकडीचं निम्मंच बी उगवलं आणि जे वेल चढले त्यांना फुलं असून फळ नाही, म्हणून युरिया टाकू का, असं तुम्ही विचारलंय. युरिया अजिबात टाकू नका. वेल नुसता पाल्यावर जाईल आणि फळ आणखी लांबेल.

आधी सकाळी फुलं निरखून बघा. बारीक दांड्यावर, एका पेऱ्यात चार-पाच घोसाने येतात ती नर फुलं. सुरुवातीला तीच येतात, त्यात वेलाचा दोष नाही. मादी फुलाच्या मागे बारीक काटेरी लव असलेली इवलीशी काकडी दिसते. ती पिवळी पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही, असंच धरा. मधमाश्या येत नसतील तर नऊच्या आत हे काम हाताने करा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवा. फूल एकच दिवस उघडं राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जमत नाही. फुलोऱ्यात कीटकनाशक तर मारूच नका.

उगवणीचं म्हणाल तर काकडीच्या बियाला साधारण 25 ते 30 अंशांची ऊब लागते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री गार असतात. त्यात आपली काळी माती. पाणी जास्त झालं की बी कुजतं, वरचा थर वाळला की पापडी धरते आणि कोंब आतच अडकतो. आळ्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, बी दीड-दोन सेंटिमीटरच खोल टाका. साधं बी रात्रभर भिजवलं तर चालतं. रंगीत बियाला औषध चोळलेलं असतं, ते भिजवू नका. रोप उपटून दुसरीकडे लावलं की मुळं दुखावतात, म्हणून जागेवरच टोबा.

आता पाण्याचं. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळ वाकडं आणि कडू होतं. टँकरवर भागवणाऱ्या घरांत मी एकच सांगते: आळ्याजवळ बिनरंगाचा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा, भरून ठेवा, वर झाकण घाला. पाणी हळूहळू झिरपतं आणि ओल टिकते. बुडाशी सोयाबीनचं भुसकट पसरा, मांडवाला तुराट्या वापरा. एप्रिलमध्ये चाळिशीच्या पुढच्या उन्हात परागही नीट काम करत नाहीत. दुपारपुरती सावली करा आणि तरीही जमलं नाही तर जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर पुन्हा बी टाका. पावसाळ्यात फळमाशी मात्र येते, तेव्हा डंख मारलेली फळं वेलावर राहू देऊ नका, उचलून खोल पुरा.

बियाच्या पाकिटावर जातीचं काय नाव आहे तेही कळवा. पॉलिहाऊससाठीच्या काही जाती परागीभवनाशिवाय फळ धरतात. तुमची तशी असेल तर गळीचं कारण वेगळं शोधावं लागेल.