शंका-समाधान : दोन देशांची खाती, एकच फोन

प्रश्न : नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात आलो आहे. इथल्या बँकेचं अ‍ॅप आयफोनवर उतरत नाही, 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं येतं. अ‍ॅपल खात्याचा देश बदलू का?

उत्तर : कायमचं स्थायिक होणार असाल तरच बदला. त्यासाठी खात्यातली शिल्लक शून्य करावी लागते, चालू सबस्क्रिप्शन रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं आणि फॅमिली शेअरिंगमधूनही (कुटुंबात खरेद्या वाटून घेण्याच्या गटातूनही) बाहेर पडावं लागतं. परत आलात की हे सगळं उलट्या दिशेने करायचं!

ये-जा राहणार असेल तर फोटो, संपर्क, बॅकअप जुन्याच खात्यावर राहू द्या आणि फक्त खरेदीसाठी नव्या देशाचं वेगळं खातं काढा. आयफोनला हे चालतं. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करा, 'मीडिया अँड पर्चेसेस' उघडा आणि फक्त तिथूनच साइन आउट व्हा. त्याच पानाच्या तळाशी लाल अक्षरांतलं दुसरं 'साइन आउट' असतं, त्याला हात लावू नका. त्याने फोन आयक्लाउडमधूनच बाहेर पडतो. मग अ‍ॅप स्टोअरमध्ये एखादं मोफत अ‍ॅप निवडून 'गेट' दाबा आणि तिथूनच दुसऱ्या ईमेलवर नवं खातं काढा. या वाटेने गेलं की पेमेंटच्या पर्यायांत 'नन' दिसतो, म्हणजे कार्ड नसलं तरी अडत नाही. तुमचा तिथला पत्ता मात्र द्यावा लागतो.

पुढे दोन गोष्टी हमखास गोंधळात टाकतात. जुन्या खात्यातून घेतलेली अ‍ॅप अपडेट करताना जुन्याच खात्याचा पासवर्ड विचारला जातो. हा बिघाड नाही, प्रत्येक अ‍ॅप घेणाऱ्या खात्याशी बांधलेलं असतं. दुसरी जास्त त्रासदायक. नव्या खात्यावर ऑटोमॅटिक डाउनलोड चालू केलं, अ‍ॅपल म्युझिक घेतलं किंवा आधीच्या खरेद्या पुन्हा उतरवल्या, तर फोन त्या खात्याशी जोडला जातो आणि मग ९० दिवस दुसऱ्या खात्याशी जोडता येत नाही. म्हणून सेटिंग्जमधल्या अ‍ॅप स्टोअरच्या पानावर ऑटोमॅटिक डाउनलोड आधीच बंद करा आणि गाण्यांची वर्गणी एकाच खात्यावर ठेवा.

गिफ्ट कार्ड ज्या देशाचं, त्याच देशाच्या खात्यावर चालतं. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशातून नेट वापरतोय असं भासवणारी सोय) लावून स्टोअरचा देश बदलत नाही, तो खात्यावरून ठरतो.

प्रश्न : अँड्रॉइडवरही असंच करायचं का?

उत्तर : तिथे काम सोपं आहे, कारण एका फोनवर अनेक गूगल खाती राहतात आणि प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या चित्रावर टॅप करून खातं बदलता येतं. मुख्य खात्याचा प्ले देश, म्हणजे प्ले स्टोअरसाठी नोंदलेला देश, घाईने बदलू नका. तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातली प्ले शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. बदलायचाच असेल तर त्या देशात असणं आणि तिथलं पेमेंटचं साधन जोडणं आवश्यक. स्टोअरमध्ये बदल दिसायला ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

प्रश्न : जुन्या देशाचं सिम काढून ठेवलं आणि ओटीपी यायचे बंद झाले. आता दोन्ही सिम फोनमध्ये आहेत, पण रोमिंगच्या बिलाची धास्ती वाटते.

उत्तर : जुनी लाइन फक्त एसएमएससाठी चालू ठेवा. तिचं डेटा रोमिंग बंद करा. आयफोनवर त्याखेरीज 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' बंद करा, नाहीतर नव्या सिमचं नेटवर्क कमजोर झालं की फोन परस्पर जुन्या सिमच्या डेटावर जाऊ शकतो. आयमेसेज आणि फेसटाइम सुरू होताना फोन नकळत एक एसएमएस पाठवतो आणि रोमिंगमध्ये त्याचे पैसे पडू शकतात. जुन्या नंबरवर ते चालू करू नका. एसएमएस येण्याला शुल्क आहे का आणि रिचार्ज न केल्यास नंबर किती दिवस जिवंत राहतो, हे ज्या त्या कंपनीला निघण्यापूर्वीच विचारलेलं बरं.

मुळात शक्य तिथे एसएमएसवर विसंबूच नये. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे (लॉगिनचे कोड फोनमध्येच तयार करणाऱ्या अ‍ॅपचे) सहा आकडी कोड सिमशिवाय आणि नेटशिवायही मिळतात, दर ३० सेकंदांनी बदलतात. विमानातून उतरल्यावर काहीजण टाइम झोन न बदलता हाताने घड्याळाचे तास पुढेमागे करतात आणि मग एकही कोड लागत नाही. कारण कोड जागतिक वेळेवरून तयार होतो. झोन बदलला तर काही बिघडत नाही, नुसते तास सरकवले की फोनची जागतिक वेळच चुकते. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

फोन हाताशी नसताना लॉगिन करायला गूगलचे बॅकअप कोड कामी येतात. ते आठ आकडी असतात, एका वेळी १० मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून पाकिटात ठेवा, फोनमध्ये नको. नवा संच काढला की जुना रद्द होतो, त्यामुळे पाकिटातला कागदही तेव्हाच बदला.