सहापट की दुप्पट?

प्रश्न : 200 कांदा उत्पादकांकडून प्रश्नावली भरून घेतली. ठिबक बसवले का, याचे उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रशिक्षण घेतलेल्या 100 जणांपैकी 80 जणांकडे ठिबक आहे, न घेतलेल्या 100 जणांपैकी 40 जणांकडे. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (हो-नाही उत्तरांसाठीच्या पद्धतीत) ऑड्स रेशो 6 आला. ‘प्रशिक्षणामुळे ठिबकचा वापर सहापट होतो’ असे प्रबंधात लिहू का? की साधे लिनिअर रिग्रेशनच बरे? जमीन, शिक्षण, तालुका हेही घ्यायचे आहेत.
– एम.एस्सी. (कृषी) विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा

उत्तर : आकडा बरोबर आहे, वाक्य चुकले आहे. ठिबक नसलेल्या एकामागे ठिबक असलेले किती, हा ऑड्स. 80 भागिले 20 म्हणजे 4. 40 भागिले 60 म्हणजे 0.67, त्यांचे गुणोत्तर 6. पण 40 टक्क्यांचे 80 टक्के होणे म्हणजे दुप्पटच. 2 टक्के आणि 4 टक्के असते, तर ऑड्स रेशो 2.04 आला असता आणि घोटाळा झाला नसता. घटना सर्रास घडणारी असली की ही दोन उत्तरे फार लांब जातात.

‘किती पट’ हेच सांगायचे असेल, तर आधी लॉग-बायनोमियल (थेट टक्केवारींचे गुणोत्तर देणारे मॉडेल) चालवून पाहा. ते बरेचदा अडकते, कारण संभाव्यता 1 च्या वर जाऊ लागते. मग पॉयसन रिग्रेशन (मुळात मोजणीच्या आकड्यांसाठीचे, पण इथेही ‘किती पट’ देणारे) घ्या, पण रोबस्ट स्टँडर्ड एररसह, म्हणजे व्हेरिअन्सचे गृहीतक चुकले तरी चालणाऱ्या अनिश्चिततेच्या मापासह. हे विसरू नका. पॉयसन व्हेरिअन्स (आकड्यांचे विखुरणे) सरासरीइतका धरते, म्हणजे प्रशिक्षित गटात 0.8, हो-नाहीच्या डेटात तो 0.8 गुणिले 0.2, म्हणजे 0.16 असतो. रोबस्ट न घेतल्यास विश्वासमर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) उगाच रुंद येतात.

लिनिअरला नाके मुरडू नका. प्रशिक्षणाचा सहगुणक (कोएफिशंट) थेट 0.40, म्हणजे 40 टक्के बिंदूंचा फरक; शेतकऱ्यालाही कळतो. रोबस्ट एरर इथेही हवेच. अंदाज 0 च्या खाली किंवा 1 च्या वर किती जणांचे जातात, ते मोजा. बरेच असतील तर लॉजिस्टिककडे परता. त्यात सगळ्यांना प्रशिक्षण मिळाले असे धरून सरासरी संभाव्यता काढा, मग कुणालाच नाही असे धरून काढा आणि वजाबाकी करा. आम्ही हाच मार्ग सुचवू. प्रोबिट या लॉजिस्टिकसारख्याच पद्धतीने निष्कर्ष सहसा बदलत नाही.

‘मुळे’ हा शब्द मात्र काढा. प्रशिक्षणाला मुळात हौशी शेतकरीच गेले असतील, तर ते कुठलेच रिग्रेशन आपोआप दुरुस्त करत नाही. एकाच गावचे शेतकरी एकमेकांचे पाहून ठिबक बसवतात, म्हणून स्टँडर्ड एरर गावनिहाय क्लस्टर करा, म्हणजे एका गावचे शेतकरी एक गट धरून काढा.

‘हो’ 120, ‘नाही’ 80. लहान गटातल्या दहांमागे एक सहगुणक या ढोबळ हिशेबाने आठ परवडतात; पाच तालुके घेतले की (एक तुलनेसाठी सोडून) त्यातले चार तिथेच संपतात. मोठी जमीन असलेल्या सगळ्यांकडेच ठिबक निघाले, तर लॉजिस्टिकचा सहगुणक 18-20 वर जाईल आणि त्याचा स्टँडर्ड एरर हजारांत. तेव्हा जमीन वगळू नका, असे फुगलेले सहगुणक आवरणारी फर्थची पद्धत वापरा.