बर्फ कुणाच्या हातात आहे?

कोपरखैरण्याहून बारावी कला शाखेतल्या एका मुलीचं साडेचार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिने लिहिलंय, म्हणून छापत नाही. मजकूर थोडक्यात असा. आठवीत असताना तिने मोबाइलवर बीजिंग ऑलिंपिकमधलं फिगर स्केटिंग बघितलं आणि तिला त्याचं वेडच लागलं. स्वतः ती कधी बर्फावर उभीसुद्धा राहिलेली नाही. दोन मुलगे स्केटर आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम, अशा गोष्टी ती लिहिते. तीन वह्या भरल्यात. सगळ्यात मोठ्या गोष्टीतला खेळाडू तेवीस वर्षांचा आहे आणि ज्याच्यावर त्याचं प्रेम आहे तो सत्तावीस वर्षांचा, त्याचाच कोच. आणि खऱ्या आयुष्यात कोच मंडळींनी लहान मुलींचे जे हाल केले, ते वाचून तिला रात्र रात्र झोप लागत नाही. "मग मी ढोंगी आहे का?" असं तिने विचारलंय. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षांना बस, स्केटिंग बघून पोट भरत नाही. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: "मी अशाच गोष्टी का लिहिते, मीपण तशीच आहे का, कळत नाही. वही बाबांना दाखवू का?"

प्रिय मैत्रिणी,

तू ढोंगी नाहीस. करिअरचं नंतर बघू, आधी हे, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खाडाखोड याच वाक्यापाशी आहे.

तू वर्णन केलेली 17 फेब्रुवारी 2022 ची स्पर्धा तुझं पत्र आल्यावर मी परत पाहिली. कामिला वालियेवा, वय 15. सगळं जग तिला सुवर्णपदक देऊन मोकळं झालं होतं. मग आदल्या डिसेंबरच्या 25 तारखेला घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन सापडल्याची बातमी आली. हे हृदयविकाराचं औषध, खेळाडूंना बंदी असलेलं. आजोबांच्या औषधातून आलं असावं, असं तिच्या बाजूने सांगण्यात आलं. चौकशी लटकलेली, कॅमेरे रोखलेले, आणि तशात तिला बर्फावर उतरवलं. ती पडली, उठली, परत पडली आणि चौथी आली. रिंकमधून बाहेर येते ना येते तोच कोच विचारतात, "का सोडून दिलंस? लढणं का थांबवलंस?" ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनीही दुसऱ्या दिवशी त्या थंडपणाबद्दल अस्वस्थता बोलून दाखवली. पुढे जानेवारी 2024 मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली, ती त्या मुलीवर.

तू लिहिलंस, "मला तेव्हा वाटलं, कुणीतरी तिच्या खांद्यावर आधी जॅकेट तरी टाकायला हवं होतं." तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. हे वाक्य मी माझ्या डायरीत उतरवून घेतलंय.

या खेळात मुली इतक्या लहान का लागतात, हे तू बरोबर ओळखलंस. चौपट उडीत हवेत जेमतेम पाऊण सेकंद मिळतो आणि तेवढ्यात चार गिरक्या बसवायच्या असतात. अंग जितकं बारीक, तितकी गिरकी वेगात. वयात येताना शरीर भरतं आणि तीच उडी हातची जाते. म्हणून मग शरीर भरूच द्यायचं नाही, असा हिशोब सुरू होतो. युलिया लिपनित्स्काया 2014 मध्ये सोचीला सांघिक सुवर्ण जिंकली तेव्हा 15 वर्षांची होती. 2017 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिने खेळ सोडला आणि अ‍ॅनोरेक्सियावर उपचार घेतल्याचं सांगितलं. जेवण नकोसं होण्याचा हा आजार जिवावर बेततो. वालियेवा प्रकरणानंतर, जून 2022 मध्ये, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेलं. उशिरा का होईना, नेलं.

आता माझं एक सांगते. माझी मुलगी दुसरीत असताना ठाण्यात क्वाड स्केट्सच्या क्लासला जायची. सकाळी सहाची बॅच, सिमेंटचा रिंक, चाकांची खरखर. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. जिल्ह्याची स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि तिला स्पिन जमत नव्हता. सरांनी तिची पाण्याची बाटली उचलून कठड्यावर ठेवली. "जमला की प्यायचं." तिच्या एका नी-कॅपचं इलॅस्टिक सैल होतं. दर वेळी स्पिनच्या आधी ती वाकून ते वर ओढायची आणि ओढताना बाटलीकडे बघायची. निळी बाटली, झाकणाला दोरी. आम्ही सात-आठ पालक उभे होतो. तिची आईपण होती. तीच आम्हाला म्हणाली, "सर कडक आहेत म्हणून तर मेडल येतात." मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. अकरा वर्षं झाली, मला ती बाटली अजून दिसते.

रागावणारा माणूस घरोघरी असतो. पण रिंकची किल्ली, बॅचची वेळ, स्पर्धेच्या यादीतलं नाव आणि पाण्याची बाटली या सगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या हातात असतील, तर मूल त्याला नाही म्हणू शकत नाही. फ्रान्सच्या सारा अबिटबोलने 2000 साली जोडी प्रकारात जागतिक कांस्य मिळवलं होतं. किशोरवयात आपल्या कोचने आपलं लैंगिक शोषण केलं, हे तिला जगापुढे सांगता आलं ते जानेवारी 2020 मध्ये, मधली तीस वर्षं गेल्यावर. त्यानंतर महिनाभरात तिथल्या संघटनेच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. तीस वर्षं ती गप्प का राहिली, असं लोक विचारतात. मी विचारते, बोलली असती तर दुसऱ्या दिवशी तिला बर्फ मिळाला असता का?

हाच प्रश्न तुझ्या गोष्टीला लावून बघ. तुझा तेवीस वर्षांचा खेळाडू त्या कोचला "नाही" म्हणाला, तर उद्या सकाळी त्याला रिंकवर घेतील का? तो कोच बदलू शकतो का? आणि या कोचने त्याला शिकवायला घेतलं तेव्हा त्याचं वय काय होतं? मोठेपणी, स्वतः निवडून तो याच्याकडे आला असेल आणि उद्या निघून जाऊ शकत असेल, तर ती दोन मोठ्या माणसांची गोष्ट आहे. तरीही मी तुझ्या जागी असते तर प्रेम कबूल होण्याआधी त्याचा कोच बदलला असता. मात्र बाराव्या वर्षापासून याच्याच हाताखाली वाढला असेल, तर तेविसाव्या वर्षीचा "हो" किती त्याचा आणि किती सवयीचा, हे लेखिकेला शोधावं लागेल. शोध. गोष्ट फाडू नकोस.

दुसरं एक सांगायचंय आणि ते जरा कडक आहे. पत्रातल्या एका ओळीवरून वाटलं की तुझ्या एका वहीत खऱ्या स्केटरांची नावं आहेत. ज्याने स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं नाही, त्याचं नाव घालून अशी गोष्ट लिहू नकोस, वहीतसुद्धा. ब्रिटनच्या जॉन करीने 1976 मध्ये इन्सब्रुकला सुवर्ण जिंकलं आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रांनी तो समलिंगी असल्याचं परस्पर छापून टाकलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मिळवलेल्या माणसाला लोक त्याच्या खेळाऐवजी त्याच्या खासगी आयुष्याबद्दल विचारत राहिले. स्वतः सांगणं ही वेगळी गोष्ट. कॅनडाच्या एरिक रॅडफर्डने 2014 मध्ये स्वतः सांगितलं आणि 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण घेतलं. टिमोथी लेड्युक 2022 ला बीजिंगमध्ये जोडी प्रकारात उतरले, ते स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांतलं काहीच म्हणवत नाहीत. अमेरिकेची अ‍ॅम्बर ग्लेन आपली ओळख उघडपणे सांगून 2024 मध्ये राष्ट्रीय विजेती झाली. आणि कॅनडाच्या संघटनेने 2022 मध्ये देशांतर्गत स्पर्धांसाठी "एक पुरुष, एक स्त्री" ही जोडीची व्याख्याच बदलली, आता तिथे कुठलेही दोन स्केटर जोडी होऊ शकतात. तुझ्या वहीतली दोन मुलांची जोडी आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही.

तू विचारलंस, या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध काय, मला दोन्ही एकदमच का सुचतात. मला वाटतं संबंध अगदी जवळचा आहे. जो हात मुलीच्या ताटातला भात कमी करतो, तोच हात मुलाचं मनगट धरून "असं बायकी नको" म्हणतो. मुलगी किती बारीक आणि मुलगा किती मर्दानी हे कोच, परीक्षक आणि प्रेक्षक बाहेरून ठरवतात आणि मूल स्वतःच्या अंगात पाहुण्यासारखं राहतं. तुझ्या गोष्टींत मुलं स्वतःच्या शरीराचे मालक असतात. तू तेच का लिहितेस, याचं मला तरी हे उत्तर दिसतं.

आता करिअर. बाबांची काळजी खोटी नाही, महिन्याचा पगार लागतोच. पण चार वर्षं तू एका खेळाचे नियम, लवादाचे निकाल, वयोमर्यादेचे ठराव स्वतःहून वाचलेस. वालियेवाच्या वयामुळे तिला "संरक्षित व्यक्ती" म्हणून वेगळे नियम लागू होते, हे तुझ्या पत्रात आहे. माझ्याकडे येणाऱ्या बारावीच्या मुलांपैकी निकालपत्र मुळातून वाचणारं कुणी मला आठवत नाही. म्हणून माझं पहिलं मत कायद्याकडे झुकतं. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याची सीईटी द्यायची. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज आहे, नेरुळला डी. वाय. पाटील आहे. फी दोन्हीकडे वेगवेगळी, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊन विचारा. राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं असेल तर क्लॅट ही वेगळी परीक्षा. कायदा शिकून सगळे कोर्टातच उभे राहतात असं नाही. 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचं धोरण आणि वाद सोडवण्याची यंत्रणा आहे. कागदावरचं धोरण चालवायला माणसं लागतील, तक्रार ऐकणारी, नोंदवणारी, मुलाशी नीट बोलता येणारी. आज अशी माणसं फार कमी आहेत.

शेवटची गोष्ट, म्हणजे मुलाशी बोलणं, तुला जास्त ओढत असेल तर समाजकार्य. चर्चगेटला निर्मला निकेतनमध्ये पदवी करता येते. पदवीनंतर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तुला वाशीहून हार्बरने गोवंडीला उतरायचं, इतकी जवळ. मानसशास्त्राचा रस्ता लांबचा: बीए, एमए आणि चिकित्सा करायची तर पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण. बँकेच्या परीक्षा पदवीनंतर देता येतात, त्यामुळे बाबांचा पर्याय यातल्या कुठल्याच वाटेने बंद होत नाही. हे त्यांना अगदी याच शब्दांत सांग.

लेखन सोडायचं नाही. पण ते पोटापाण्याच्या ओझ्याखाली आत्ताच घालू नकोस.

निकालाची वाट बघायच्या आधी एक काम कर. शनिवारी सकाळी घराजवळच्या एखाद्या रोलर स्केटिंगच्या क्लासला आईला घेऊन जा आणि तासभर बस. कोण कुणाशी कसं बोलतं, पाणी कधी मिळतं, पडलेल्या मुलाजवळ आधी कोण जातं, ते लिहून काढ. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत. चांगले सरही दिसतील तुला, मी पाहिलेत. पडलेल्या मुलाची लेस स्वतः बसून बांधणारे. पण काही गंभीर दिसलं किंवा कुठल्या मुलाने तुला काही सांगितलं, तर ते पोटात ठेवू नकोस. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक आहे. मुलाच्या लैंगिक छळाची माहिती असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना अशा छळापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे, तुझ्या घरच्या मोठ्यांनाही आणि मलाही.

आणि ती बारीक अक्षरातली ओळ. तू कोण आहेस हे गोष्टींवरून ठरत नाही, आणि मी तर मुळीच ठरवणार नाही. मुलांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहिणाऱ्या कितीतरी मुली पुढे मुलांवर प्रेम करतात, कितीतरी मुलींवर, काही दोन्हींवर. सतराव्या वर्षी उत्तर हातात असायलाच हवं असा कुठे नियम आहे? जे असेल ते आजार नाही आणि 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं समलिंगी प्रेम गुन्हाही नाही. कुणी "उपचाराने बदलून देतो" म्हणालं, तर त्या दारात पाऊल टाकू नकोस. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी तो गैरवर्तणुकीचा प्रकार ठरवलाय. रात्रीची झोप लागत नाही म्हणतेस, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन क्रमांक 14416 फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन करायला काहीतरी भयंकर घडायलाच हवं असं नाही.

वही बाबांना आत्ता दाखवू नकोस. त्यांना कळू नये म्हणून हे सांगत नाहीये. पण वही तुझी आहे, कधी उघडायची ते तू ठरवायचं, आणि कॉलेजच्या प्रवेशाचं बोलणं त्या वहीवर अडकायला नको. त्यांना वालियेवाच्या निकालावर तू लिहिलेलं ते दीड पान दाखव, जे मला पाठवलेल्या पत्राला जोडलं होतंस. मी ते दोनदा वाचलं. वाटल्यास त्यांना घेऊन ये, आपण तिघं बसून वाचू.

तुझी,
समुपदेशक ताई