मॉड्युलर घर: चौरस फुटाच्या दरात काय धरले आहे?

प्रश्न : मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे आमचा पाच गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे. निवृत्तीनंतर तेथे नऊशे चौरस फुटांचे मॉड्युलर घर, म्हणजे कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर जोडून होणारे घर, उभारण्याचा विचार आहे. लोखंडी सांगाड्याच्या घरासाठी दोन कंपन्यांची दरपत्रके आली असून एकीचा दर दुसरीपेक्षा चौरस फुटामागे चारशे रुपयांनी कमी आहे. कमी दराची कंपनी निवडावी काय? पैशाचा पुरेपूर मोबदला मिळावा म्हणून काय पाहावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : चारशे रुपयांच्या फरकाचे नऊशे फुटांना 3 लाख 60 हजार रुपये होतात. रक्कम लहान नाही. पण दोन्ही कंपन्या एकाच वस्तूचा दर सांगत आहेत का, हे आधी तपासा. या व्यवसायातला दर पुष्कळदा कारखान्याच्या फाटकापाशीच थांबतो आणि पाया, वाहतूक, क्रेन, सेप्टिक टँक, वीजजोडणी, जीएसटी हे सारे ‘ग्राहकाकडे’ अशा एका बारीक ओळीत उरकलेले असते. व्हरांडा आणि छपराची पुढे आलेली झाप क्षेत्रफळात धरली आहे का, हेही विचारा. दोघांनाही एकच यादी देऊन राहण्यायोग्य घराची एकूण रक्कम लेखी मागितली, तर चारशेचा फरक बराच आटण्याची शक्यता आहे.

या पद्धतीची खरी बचत वेळेत आणि पुनरावृत्तीत असते. नव्या बांधकाम तंत्राने घरे उभारण्याच्या केंद्र सरकारच्या ज्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी झाली, त्यांपैकी आगरतळा येथे लाइट गेज स्टीलच्या, म्हणजे पातळ पोलादी पत्रा वळवून केलेल्या सांगाड्याची 1,000 घरे योजली होती. तेथे एकच आराखडा शेकडो वेळा वापरता येतो. तुमचे घर एकच आहे. म्हणून कारखान्याची ठरलेली मापे स्वीकारा, आकार साधा आयताकृती ठेवा आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर पाठीला पाठ लावून घ्या, म्हणजे नळकाम एकाच भिंतीत बसते. उत्पादन सुरू होण्यापूर्वी स्विचबोर्डाच्या जागेपर्यंत सगळे कागदावर पक्के करा, कारण नंतरचा प्रत्येक बदल महागात पडतो.

काटकसर पायात मात्र करू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. प्लॉटवर ती असेल तर खड्डे घेऊन मुरूम किंवा खडक किती खोल लागतो ते पाहावे आणि पाया तेथपर्यंत न्यावा. घर हलके असल्याने पायाही हलका चालेल, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, कारण हलक्या घराला वारा उचलू पाहतो. भारतीय मानकांत पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरला आहे. सांगाडा जोत्याला ज्या अँकर बोल्टने आवळतात, ते कारखान्याच्या नकाशाबरहुकूम बसले पाहिजेत. बोल्ट इंचभर सरकला की साइटवरचा कामगार गॅस कटरने सांगाड्याच्या तळपट्टीत नवे भोक पाडतो. तेथला गंज रोखणारा जस्ताचा थर जळून जातो आणि मुळशीच्या पावसात गंज नेमका तेथूनच धरतो. त्यामुळे जोते कोणी बांधायचे आणि मापाची जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट असावे. एकाच कंपनीकडे दोन्ही दिलेले बरे. पोलादावर जस्त किती, हेही विचारा. ‘झेड 275’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम. त्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. भिंतीत उष्णता अडवण्यासाठी थर्माकोलऐवजी रॉकवूल (दगडापासून केलेले तंतू) घेतल्यास खर्च वाढतो, परंतु रॉकवूल पेट घेत नाही.

पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) बांधकाम परवानगी मिळण्यापूर्वी आगाऊ रक्कम देऊ नये. घर कारखान्यात तयार झाले म्हणून परवानगीतून सूट मिळत नाही. कर्ज घेणार असाल तर बँकेशी आधीच बोला. बँक जागेवरचे काम पाहून हप्ते सोडते, आणि येथे निम्मे काम होईपर्यंत जागेवर केवळ जोतेच दिसते. शेवटचा हप्ता पहिल्या जोरदार पावसानंतर देण्याची अट घालून पाहा. कंपनी कुरकुर करेल, पण तिच्या सांध्यांवर तिचा स्वतःचा किती विश्वास आहे, ते त्यातूनच कळेल.

प्रश्न : मॉड्युलर घराऐवजी जुना मालवाहू कंटेनर घेऊन घर केले तर स्वस्त पडेल काय?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : साइट ऑफिससाठी पडेल; घरासाठी माझे मत प्रतिकूल आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर हवी. साध्या कंटेनरची आतली उंची सुमारे 2.39 मीटर, तर उंच प्रकारच्या कंटेनरचीही सुमारे 2.70 मीटर असते, आणि उष्णतारोधक थर व फरशी घातल्यावर ती आणखी घटते. छप्पर कापून उंच करता येते, पण पन्हळी पत्र्याची भिंत आणि छप्पर मिळूनच कंटेनरला बळकटी देत असल्याने आत नवा सांगाडा घालावा लागतो, आणि मग त्या खर्चात लाइट गेजचे घर का बांधू नये, हा प्रश्न उरतो.