एमडीनंतर अमेरिकेत सीएल सायकियाट्री करायची असेल तर

तू विचारलंस, सायकियाट्रीत एमडी झालंय, तर अमेरिकेत थेट कन्सल्टेशन-लायझनची (सीएल, म्हणजे इतर विभागांत दाखल पेशंटची मानसिक तपासणी आणि सल्ला) फेलोशिप, म्हणजे उपशाखेचं प्रशिक्षण, मिळेल का? बहुतेकांना नाही मिळत. फेलोशिप १२ महिन्यांचीच, पण तिच्याआधी तिथली ४ वर्षांची रेसिडेन्सी (निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण) हवी, आणि आपली एमडी असली तरी ती सहसा पहिल्यापासूनच करावी लागते. चाइल्ड सायकियाट्रीला ३ वर्षांनी जाता येतं, सीएलला तशी सवलत नाही. म्हणजे ५ वर्षं धरून चाल. २०२२पासून स्टेप १ (यूएसएमएलई या अमेरिकन लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा) नुसती पास-नापास आहे, त्यामुळे स्टेप २च्या गुणांवर जोर दे. शोधताना 'सायकोसोमॅटिक मेडिसिन' हे नावही टाक. २०१८पर्यंत या शाखेचं तेच नाव होतं.

आता काम. सर्जरीवाले बोलावतात: पेशंट डिप्रेस्ड आहे, जेवत नाही, बोलत नाही. मी जाऊन महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगते, आणि तो दोन महिन्यांतच अडखळतो. डिप्रेशन नाही, डेलिरियम आहे, म्हणजे शारीरिक आजारामुळे अचानक आलेला गोंधळ. मुळाशी लघवीचा संसर्ग किंवा वेदनेचं नवं औषध. असं फार वेळा होतं, आणि निदान चुकलं तर नुसती अँटिडिप्रेसंट सुरू होते, मूळ आजार तसाच राहतो.

मला सगळ्यात जड गेली ती कपॅसिटी, म्हणजे उपचाराचा निर्णय घ्यायची पेशंटची क्षमता तपासणं. डायलिसिस नको म्हणणाऱ्या माणसाला माहिती समजली का, ती स्वतःला लागू आहे हे पटतंय का, फायदे-तोटे तोलता येतात का, निवड स्पष्ट सांगता येते का, हे चार प्रश्न त्यालाच विचारायचे. भारतातल्या आपल्या वॉर्डात मी मुलाशी, जावयाशी बोलायचे. खाटेवरचा माणूस गप्प ऐकायचा. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं. तू आतापासूनच मोड.

व्हिसा नीट समजून घे. जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर आलास तर नंतर २ वर्षं भारतात राहावं लागतं, नाहीतर वेव्हर, म्हणजे या अटीतून सूट, घ्यावी लागते. ही सूट देणाऱ्या कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं नोकरी. तिथे बऱ्याचदा साधी ओपीडीच मिळते, सीएलची टीम नाही. हा विचार आधीच कर.

रेसिडेन्सी निवडताना ट्रान्सप्लांट, बर्न्स, कॅन्सर एकाच आवारात असलेलं हॉस्पिटल बघ. सीएलचे २ महिने सगळीकडे सक्तीचे असतात. त्यापलीकडे इलेक्टिव्ह (आपण निवडायची पोस्टिंग) किती, ते मुलाखतीत विचार.

स्टेप २ कुठवर आलीय, कळव.