चमचाभर ऑइल टाकून बघा, मग खोला

प्रश्न : दादा, काकांची १९६७ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) माझ्याकडे आलीये. ठाण्याला नौपाड्यात बिल्डिंगखाली तीन वर्षं कव्हर घालून उभी होती. बॅटरी बदलल्यावर चालू झाली, पण मिसिंग मारते. मेकॅनिकने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये) घेतलं तर चार सिलिंडरचं क्रमाने १५०, १४८, १०५, १४७ आलं. तो म्हणतो इंजिन उतरवा, सिलिंडर कापून मोठे (बोअर) करून चारही पिस्टन नवे टाका. ऑइल कॅपखाली दुधाळ चिकटापण दिसतोय. सध्या पावसामुळे गाडी कंपाउंडमध्येच दहा मिनिटं चालू ठेवतो, बस. काय करू?

उत्तर : तीन सिलिंडर धडधाकट असताना चार पिस्टन कशाला, ते मला तरी कळलं नाही. टेस्ट आधी परत घ्या, इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून (हे दाबायचं बरेच जण विसरतात आणि मग सगळेच आकडे पडतात), प्रत्येकाला सारखेच पाच-सहा झटके देऊन. त्याच्याही आधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) बघा, गॅप ०.०१५ इंच हवा. व्हॉल्व्हच्या सीटची (तो टेकतो त्या कडेची) झीज रोखणारं शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, आणि जुन्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) कडक सीट बसवलेल्या नसतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो, गॅप संपतो, व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही.

तरी तिसरा कमीच आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगचा दोष, जागचा हलला नाही तर बहुतेक व्हॉल्व्ह. हेडखालचं गॅस्केट दोन सिलिंडरच्या मध्ये गेलं असतं तर शेजारचापण पडला असता. आणि समजा रिंग निघाली तरी घाई नको, उभ्या गाडीत रिंगा चिकटून बसतात, दोन-तीनशे किलोमीटर चालवलं की कधीकधी आपोआप सुटतात.

चिकट्याचं म्हणाल तर पावसाळ्यात दहा मिनिटं चालवून बंद केलेल्या कुठल्याही गाडीत तो होतो, इंजिनातला दमटपणा उडायला वेळच मिळत नाही ना. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ आणि रेडिएटरचं पाणी घटत नसेल तर सोडून द्या.

ब्रेक तपासून एकदा गाडी येऊरच्या डोंगरावर न्या. उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढून गिअरमध्येच येऊ द्या, खाली आल्यावर अॅक्सिलरेटर दाबा आणि मागच्या मित्राला बघायला सांगा. तेव्हा निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), चढताना सतत येत असेल तर रिंग. तिथेच ऑइल प्रेशरचा काटापण बघा, गरम इंजिनला ३००० आरपीएमवर ५० पीएसआयच्या पुढे असेल तर खालचे बेअरिंग ठीक आहेत समजा.

आणि मेकॅनिक बदला हो. सरकारी अॅम्बेसेडर सांभाळलेला एखादा म्हातारा शोधा, तिचं १४८९ सीसी आणि तुमचं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचीच इंजिनं. हेड काढून व्हॉल्व्ह घासायचं काम तो गाडीतल्या गाडीत करेल, इंजिन उतरवायची गरजच नाही.